हाफच्या वेळेवरून फुल मॅरेथॉनचा अंदाज कसा बांधावा

हाफला (२१.१ किलोमीटर) दोन तास लागले, मग फुलला (४२.२ किलोमीटर) चार तास, हा हिशेब बहुतेक जण करतात आणि तिसाव्या किलोमीटरनंतर पस्तावतात. अंदाज नीट बांधला तर ही वेळ येत नाही.

आधी शर्यत निवडा. गेल्या दोन-अडीच महिन्यांतली, जीव लावून धावलेली आणि मोजलेल्या मार्गावरची हवी. वेळ चिप टाइमच घ्या, म्हणजे बिबवरच्या चिपने सुरुवातीच्या रेषेपासून शेवटच्या रेषेपर्यंत मोजलेली. साताऱ्याची हिल हाफ इथे चालत नाही. यवतेश्वर घाटातली वेळ सपाट रस्त्याला लावता येत नाही.

आता गणित. पीट रीगल या अमेरिकन अभियंत्याने १९७७ मध्ये मांडलेलं सूत्र आजही वापरात आहे. नवं अंतर भागिले जुनं अंतर, त्याचा १.०६ वा घात, गुणिले जुनी वेळ. घाताची कटकट नको असेल तर हाफची वेळ थेट २.०८५ ने गुणा. १२० मिनिटांचे २५० होतात, म्हणजे ४ तास १० मिनिटं. हाती फक्त टेन केची (दहा किलोमीटरची) वेळ असेल तर ४.६ ने गुणा. ५५ मिनिटांवरून ४ तास १३ मिनिटं येतात. पण टेन केवरून फुलचा अंदाज कच्चाच असतो, शक्यतो हाफच धरा.

खरी मेख पुढे आहे. लांब पल्ल्याचा सराव किती झालाय, हे सूत्राला ठाऊक नसतं. साधारण तीस किलोमीटरच्या पुढे स्नायूंतला ग्लायकोजेनचा, म्हणजे साठवलेल्या कर्बोदकांचा, साठा आटत जातो, आणि सराव कमी असेल तर वेग एकदम कोसळतो. म्हणून २.०८५ चा आकडा सगळं जुळून आलं तरचा समजा. आठवड्याला साठ किलोमीटर आणि तीसच्या आसपासचे दोन-तीन लाँग रन झाले असतील तर मी २.१४ धरते, तीस-चाळीस किलोमीटरवरच असाल तर सरळ २.२२. त्याच १२० मिनिटांचे आता ४ तास २६ होतात. पेस, म्हणजे एका किलोमीटरला लागणारी वेळ, ५:५६ वरून ६:१९ वर येतो, किलोमीटरमागे २३ सेकंद!

शेवटी हवामान आणि मार्ग. मुंबई मॅरेथॉनला जानेवारीतही हवा दमट असते आणि पेडर रोडचा चढ परतीच्या वाटेवर, पाय थकल्यावर येतो. हाफ पुण्याच्या कोरड्या थंडीत धावला असाल तर आणखी पाच मिनिटं सोडा.

पहिले तीस किलोमीटर सावध आकड्याच्याच पेसने धावा, पेसरही (ठरावीक वेळेत शर्यत पूर्ण करून देणारा सोबती धावक) त्याच वेळेचा निवडा. चढ ओलांडल्यावर पायांत जोर उरला असेल तर वेग वाढवा. पुढे मरीन ड्राइव्ह सपाट आहे.