सॅमसंगचा फोन जुन्या अँड्रॉइडवर उतरवायचाय? आधी बिट बघा

निफाड-दिंडोरीच्या द्राक्षबागायतदारांसाठी अ‍ॅप करायचं, तर ते आपल्या नव्याकोऱ्या फोनवर चालून उपयोग नाही. बागेतल्या माणसाच्या खिशात जुना सॅमसंग असतो आणि अ‍ॅप नेमकं तिथंच आपटतं. एम्युलेटर (लॅपटॉपवरचा नकली फोन) पुरतो म्हणणाऱ्यांनी त्यावर भुरी पडलेल्या पानाचा भर उन्हात फोटो काढून दाखवावा. एक खरा फोन जुन्या अँड्रॉइडवर उतरवूनच ठेवावा लागतो.

बॅकअप, चार्जिंग, विंडोजचा लॅपटॉप, ड्रायव्हर आणि ओडिन (सॅमसंगच्या फोनमध्ये सिस्टिम भरणारा प्रोग्राम) तयार आहे असं धरतो. गुगल आणि सॅमसंगची खाती फोनमधून आधी काढा, नाहीतर सगळं पुसल्यावर फोन जुना पासवर्ड मागत बसेल.

आता खरी मेख. 'मॉडेल जुळलं की कुठलीही जुनी फर्मवेअर (फोनच्या सिस्टिमची फाइल) टाका' हा सल्ला सर्रास मिळतो आणि तो साफ चुकीचा आहे. सेटिंग्जमध्ये सॉफ्टवेअरच्या माहितीत बिल्ड नंबर असतो. त्याची शेपटी समजा 'यू ५ ई व्ही जी १' अशी आहे. शेवटून मोजत या: १ हा अनुक्रम, जी म्हणजे जुलै, व्ही म्हणजे २०२२, ई ही मोठ्या बदलाची खूण, आणि शेवटून पाचवा तो ५, म्हणजे बूटलोडरचा (फोन सुरू करणाऱ्या पहिल्या प्रोग्रामचा) बिट. नऊनंतर इथं ए, बी अशी अक्षरं येतात. आधीच्या यूच्या जागी एस असेल तर ते फक्त सुरक्षा अपडेट असतं.

उतरवायच्या फाइलीचा बिट फोनच्या बिटाइतका किंवा जास्तच हवा. कमी असला तर ओडिन लाल 'फेल' दाखवतो आणि फोनच्या पडद्यावर 'एसडब्ल्यू रेव्ह चेक फेल, डिव्हाइस ५, बायनरी ४' अशी ओळ येते. हा आकडा चिपमधल्या फ्यूजमध्ये कायमचा नोंदलेला असतो. नाशिकच्या एमजी रोडवर कुणी 'बॉक्स (दुरुस्तीवाल्यांचं फ्लॅशिंगचं यंत्र) लावून उतरवून देतो' म्हणालं तर पैसे देऊ नका. अँड्रॉइड १३ वरून १२ वर जाता येतं, पण १२ चीच बिट ५ किंवा जास्त असलेली फाइल मिळाली तर. त्यामुळे आधी आवृत्ती शोधत बसू नका, बिट शोधा. तो साध्या सुरक्षा अपडेटमध्येही गुपचूप वाढू शकतो.

फोन बंद करा, आवाजाची दोन्ही बटणं दाबून लॅपटॉपची केबल लावा आणि फर्मवेअरच्या बीएल (बूटलोडर), एपी (मुख्य सिस्टिम), सीपी (मोडेम), सीएससी (देश-कंपनीच्या सेटिंग्ज) या चार फाइली ओडिनमध्ये आपापल्या खणात टाका. इथं 'होम सीएससी' घेऊ नका. ती जुना डेटा तसाच ठेवते आणि खाली उतरताना फोन लोगोवरच घिरट्या घालत बसू शकतो. साधी सीएससी सगळं पुसते, तेच हवंय. बूटलोडर अनलॉक करायची गरज नाही, आणि अधिकृत फर्मवेअरनं नॉक्सलाही (सॅमसंगच्या सुरक्षा यंत्रणेला) धक्का लागत नाही.

आता अ‍ॅपकडे. ग्रेडलमध्ये (अ‍ॅप बांधणाऱ्या साधनात) फक्त मिनएसडीके, म्हणजे अ‍ॅप चालेल ती सगळ्यात जुनी अँड्रॉइड, खाली आणा: अँड्रॉइड १२ ला ३१, ११ ला ३०. फोन जुना म्हणून कंपाइलएसडीके (कोड ज्या आवृत्तीवर बांधला जातो ती) आणि टार्गेटएसडीकेही (अ‍ॅप ज्या आवृत्तीसाठी जुळवलंय ती) उतरवणारे महाभाग भेटतात. कंपाइलएसडीकेचा फोनशी संबंधच नाही, उलट तो घटवला की नव्या लायब्ररी (तयार कोडचे संच) बिल्डच होऊ देत नाहीत. टार्गेट खाली नेलात तर प्ले स्टोअर अपडेट घेणार नाही. ३१ ऑगस्ट २०२५ पासून तिथं ३५ लागतं. एखाद्या लायब्ररीला तुमच्यापेक्षा वरचा मिनएसडीके हवा असेल तर बिल्ड करताना मॅनिफेस्ट मर्जरची (अ‍ॅप आणि लायब्ररीची माहितीपत्रकं जोडण्याची) चूक येते. ती 'ओव्हरराइड लायब्ररी' लिहून दाबू नका. बिल्ड हिरवं होतं, अ‍ॅप शेतात कोसळतं. त्या लायब्ररीची जुनी आवृत्ती घ्या.

अ‍ॅप टाकण्याआधी एडीबीवर (लॅपटॉपवरून फोनला आज्ञा देणाऱ्या साधनावर) 'गेटप्रॉप आरओ.बिल्ड.व्हर्जन.एसडीके' चालवून आकडा बघा. मग डेव्हलपर पर्यायांतलं स्वयंचलित सिस्टिम अपडेट आणि सॉफ्टवेअर अपडेटमधलं वायफायवरचं डाउनलोड, दोन्ही लगेच बंद करा. एका अपडेटनं बिट वाढला की त्या फोनची जुन्या बिटाच्या फाइलींकडे परतीची वाट संपली.