घानाच्या फुटबॉलपटूची युरोपातील कारकीर्द कशी लिहावी

खेळाडूचा परिचय लिहायला बसले की आधी तक्ता तयार होतो: क्लब, हंगाम, सामने, गोल. तक्ता अवश्य करावा, पण लेख त्यावर बेतू नये. घानाच्या खेळाडूच्या बाबतीत तर प्रत्येक ओळीपुढे ‘हा बदल नेमका याच वेळी का झाला’ हा प्रश्न लिहून ठेवावा आणि त्याचे उत्तर मिळाल्याशिवाय पुढच्या ओळीकडे जाऊ नये. उदाहरणासाठी मायकल एसियनची कारकीर्द घेऊ, आणि जोडीला आजच्या पिढीतला मोहम्मद कुदूस.

सुरुवात युरोपातून करू नये. एसियन 3 डिसेंबर 1982 रोजी आक्रा येथे जन्मला, तिथल्याच लिबर्टी प्रोफेशनल्स या क्लबकडून खेळला आणि 1999 मध्ये न्यूझीलंडमध्ये झालेल्या 17 वर्षांखालील जागतिक स्पर्धेत तिसऱ्या आलेल्या घानाच्या संघात होता. पुढच्याच वर्षी, म्हणजे अठरा पूर्ण होण्याआधीच, तो फ्रान्सच्या बास्तिया क्लबात दाखल झाला. इथे वयाची तारीख तपासणे महत्त्वाचे आहे. अठरा वर्षांखालील खेळाडूला, मोजके अपवाद सोडता, दुसऱ्या देशातल्या क्लबात नोंदता येत नाही हा फिफाचा नियम 2001 नंतरचा आहे. तो एसियनला लावून पाहिला तर कारण नसताना संशय निर्माण होईल. कुदूसच्या बाबतीत मात्र हाच नियम सगळा उलगडा करतो. राइट टू ड्रीम या घानातील अकादमीत घडलेला हा मुलगा 2 ऑगस्ट 2018 रोजी अठरा वर्षांचा झाला आणि तीनच दिवसांनी डेन्मार्कच्या नॉर्डशेलँडकडून ब्रॉन्डबीविरुद्ध मैदानात उतरला. नॉर्डशेलँड हा क्लब अकादमीच्याच मालकीचा असल्याने रस्ता आधीपासून आखलेला होता. ‘प्रतिभा ओळखून युरोपने बोलावले’ असे लिहिणे सोपे असते, पण ते बहुधा अर्धेच खरे असते.

पैशाचा आकडा देताना तो कोणाला मिळाला हेही सांगावे. 2005 मध्ये लंडनच्या चेल्सीने एसियनच्या तेव्हाच्या फ्रेंच क्लबला, लिऑनला, त्याच्यासाठी सुमारे 2 कोटी 44 लाख पौंड मोजले आणि तो त्या वेळी चेल्सीचा विक्रम ठरला. हा आकडा सगळेच देतात. त्यामागची व्यवस्था मात्र क्वचितच कोणी सांगते: करार चालू असताना खेळाडू दुसऱ्या देशातल्या क्लबात गेला, तर ट्रान्सफरच्या रकमेतील 5 टक्के वाटा त्याला घडवणाऱ्या क्लबांत वाटला जावा, असा फिफाचा नियम आहे. वयाच्या 12 ते 15 या प्रत्येक वर्षासाठी पाव टक्का आणि 16 ते 23 या प्रत्येक वर्षासाठी अर्धा टक्का, असा हा हिशेब असतो. समजा, आक्रातल्या एखाद्या छोट्या क्लबाने मुलाला सोळाव्या आणि सतराव्या वर्षी सांभाळले आणि पुढे तो 2 कोटी युरोंना विकला गेला, तर त्या क्लबाला 2 लाख युरो मिळायला हवेत. मायदेशातल्या क्लबांची नावे आणि वर्षे काटेकोर लिहावीत, ती याचसाठी.

गोलांच्या रकान्यावर फार विसंबू नये. एसियन मूळचा मधल्या फळीतला. पण चेल्सीत गरज पडेल तेव्हा तो बचावफळीत राईट बॅक (उजव्या बाजूला) आणि सेंटर बॅक (मध्यभागी) म्हणूनही खेळला, आणि 2012-13 मध्ये लोनवर, म्हणजे तात्पुरता, रेआल माद्रिदला गेल्यावर तिथले प्रशिक्षक जोसे मोरिन्यो यांनी त्याला बचावफळीत वापरले. म्हणून गोल मोजण्याऐवजी एखादा निवडून नीट वर्णन करावा. 6 मे 2009, चेल्सीचे मैदान स्टॅमफर्ड ब्रिज, चॅम्पियन्स लीगची उपांत्य फेरी, समोर बार्सिलोना, नववे मिनिट. उंच उडालेला चेंडू खाली येत असताना एसियनने तो जमिनीवर पडू न देता, सुमारे वीस यार्डांवरून डाव्या पायाने असा मारला की क्रॉसबारच्या (गोलच्या आडव्या दांड्याच्या) खालच्या कडेला लागून तो आत गेला. तो उजव्या पायाचा खेळाडू होता, हे सांगायला विसरू नये. नव्वद मिनिटांनंतरच्या भरपाई वेळेत बार्सिलोनाच्या इनिएस्ताने बरोबरी साधल्याने चेल्सी बाहेर पडली, तरी तो गोल आजही दाखवला जातो.

सर्वांत जास्त जागा राष्ट्रीय संघ आणि दुखापती यांच्या नात्याला द्यावी. आफ्रिकी राष्ट्रचषक बहुतेकदा जानेवारीत, म्हणजे युरोपीय हंगामाच्या ऐन मध्यात येतो, आणि खेळाडूला क्लब व देश अशी दोन्हीकडची ओढ सोसावी लागते. एसियनचा गुडघा सप्टेंबर 2008 मध्ये लिबियाविरुद्ध घानाकडून खेळताना जायबंदी झाला. जानेवारी 2010 मध्ये अंगोलातील राष्ट्रचषकाच्या वेळी गुडघ्याने पुन्हा दगा दिला आणि त्यामुळे दक्षिण आफ्रिकेतला विश्वचषकही हुकला. त्याच्याशिवाय घाना उपांत्यपूर्व फेरीपर्यंत गेला, जिथे उरुग्वेविरुद्ध घानाचा आघाडीचा खेळाडू असामोआ ग्यान याची पेनल्टी क्रॉसबारवर आदळली. एसियन त्या सामन्यात असता तर काय झाले असते, हा तर्क लेखात घालण्याचा मोह टाळावा. 2011 मध्ये गुडघ्याला पुन्हा गंभीर इजा झाली. हे सारे एका कालरेषेवर मांडले की 2009 नंतर सामन्यांची संख्या का घटली, हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

अखेरची वर्षे दोन वाक्यांत उरकली तरी चालतील: मिलान, पानाथिनाइकोस, इंडोनेशियातील पर्सिब बांडुंग आणि अझरबैजानचा सबाइल. ‘उतरती कळा’ हा शब्द मात्र टाळावा. तिशीनंतर आशियात येणे ही या खेळाडूंची ठरलेली वाट आहे. ग्यानही 2019 मध्ये गुवाहाटीच्या नॉर्थईस्ट युनायटेडकडून आपल्याकडच्या इंडियन सुपर लीगमध्ये खेळला. एसियनच्या बाबतीत तक्त्याबाहेरची एक नोंद जरूर जोडावी: 2020 मध्ये तो नॉर्डशेलँडच्या प्रशिक्षकवर्गात दाखल झाला. त्याच उन्हाळ्यात कुदूस तो क्लब सोडून नेदरलँड्सच्या आयाक्सला गेला होता.