अमेरिकी विद्यापीठांत स्ट्रेंथ अँड कंडिशनिंग कोच होण्याची वाट

नेब्रास्का विद्यापीठाने १९६९ साली बॉइड एप्ली या आपल्याच माजी पोल व्हॉल्टपटूला अमेरिकी फुटबॉल संघाच्या बळवर्धनासाठी पगारी नेमले, आणि अमेरिकेच्या महाविद्यालयीन क्रीडाक्षेत्रात एक नवा पेशा उभा राहिला: खेळाडूंची ताकद आणि दमश्वास वाढवणाऱ्या स्ट्रेंथ अँड कंडिशनिंग कोचचा. वजने उचलल्याने खेळाडू मंद होतो, असे त्या काळी अनेक प्रशिक्षक मानत असत. आज मोठ्या विद्यापीठांत या कामासाठी स्वतंत्र विभाग असतो, फुटबॉलसाठी आणि इतर खेळांसाठी बहुधा वेगवेगळे प्रशिक्षक असतात, आणि नोकऱ्यांपेक्षा उमेदवार कितीतरी अधिक असतात.

पहिली पायरी पदवीची. व्यायामशास्त्र, किनेसिऑलॉजी (मानवी हालचालींचे शास्त्र) किंवा त्यांच्याशी निगडित विषय घ्यावेत. शरीररचना, शरीरक्रियाशास्त्र आणि जीवयांत्रिकी मनापासून शिकावे. बऱ्याच ठिकाणी पदव्युत्तर पदवीचीही अपेक्षा असते. ती मिळवण्याचा चांगला मार्ग म्हणजे ग्रॅज्युएट असिस्टंटशिप. यात विद्यापीठाच्या वेट रूममध्ये (वजने उचलण्याच्या व्यायामशाळेत) काम करण्याच्या मोबदल्यात शुल्कात सवलत आणि थोडे मानधन मिळते. अर्थात या जागा मोजक्या असतात आणि सहसा आधी इंटर्नशिप केलेल्यांनाच मिळतात.

प्रमाणपत्राशिवाय पुढे जाता येत नाही, कारण डिव्हिजन एक या महाविद्यालयीन खेळांच्या सर्वोच्च श्रेणीतील स्ट्रेंथ कोचकडे मान्यताप्राप्त प्रमाणपत्र असलेच पाहिजे, असा एनसीएए या महाविद्यालयीन खेळांच्या नियामक संस्थेचा नियम आहे. येथे दोन नावे महत्त्वाची आहेत. एप्ली यांनीच १९७८ मध्ये स्थापन केलेल्या एनएससीए या संस्थेचे सीएससीएस प्रमाणपत्र सर्वाधिक परिचित आहे. त्याच्या परीक्षेचे वैज्ञानिक पाया आणि प्रत्यक्ष उपयोजन असे दोन भाग असतात, आणि पदवीबरोबर सीपीआर (हृदय बंद पडल्यास छाती दाबून करायचा प्रथमोपचार) व एईडी (हृदयाला विजेचा झटका देणारे यंत्र) यांचे चालू प्रमाणपत्रही लागते. दुसरे सीएससीसीए या केवळ महाविद्यालयीन व व्यावसायिक संघांच्या प्रशिक्षकांसाठी असलेल्या संस्थेचे एससीसीसी. त्यासाठी अनुभवी मार्गदर्शकाच्या देखरेखीखाली ६४० तासांचे प्रत्यक्ष काम करावे लागते. माझ्या मते या क्षेत्रात राहायचे निश्चित असेल, तर ही ६४० तासांची अट अडथळा न मानता संधी मानावी. सीएससीएससाठी २०३० पासून मान्यताप्राप्त अभ्यासक्रमाच्या पदवीची अट येणार असल्याचे एनएससीएने जाहीर केले आहे. म्हणून प्रवेश घेण्यापूर्वीच विद्यापीठाला त्याबद्दल विचारून घ्यावे.

खरे शिक्षण मात्र वेट रूमच्या फरशीवर होते. दिवस पहाटे पाच-सहाला सुरू होतो, कारण खेळाडूंना नंतर वर्गात जायचे असते. रॅक लावणे, प्लेट जागेवर ठेवणे, पाण्याच्या बाटल्या भरणे अशी कामे इंटर्नच्या वाट्याला येतात, आणि ती नीट करणाऱ्यालाच पुढे एखादा गट सोपवला जातो. वीस खेळाडू एकाच वेळी पॉवर क्लीन (जमिनीवरचे वजन एका झटक्यात खांद्यापर्यंत उचलणे) करत असताना कोणाची पाठ वाकते आहे, कोणाचा गुडघा आत झुकतो आहे, हे एका नजरेत टिपून दोन शब्दांत सुधारणा सांगता येणे, हे कौशल्य केवळ पुस्तकातून येत नाही. म्हणून पदवीच्या पहिल्या वर्षापासूनच विद्यापीठातील किंवा जवळच्या हायस्कूलमधील प्रशिक्षकाला भेटून मदतीची तयारी दाखवावी, आणि शक्य तितक्या वेगवेगळ्या खेळांसोबत काम करावे. आराखडा आखतानाही मर्यादा असतात: एनसीएएच्या नियमांनुसार डिव्हिजन एकमध्ये हंगामात सक्तीच्या क्रीडाविषयक कामांना आठवड्याला कमाल २० तास मिळतात, आणि त्यातच संघाचा सरावही बसवावा लागतो.

या पेशातील सर्वांत गंभीर जबाबदारी व्यायाम वेळीच थांबवण्याची आहे. जानेवारी २०११ मध्ये आयोवा विद्यापीठाच्या फुटबॉलपटूंना हिवाळी सुट्टीनंतर आपल्या कमाल वजनाच्या निम्मे वजन खांद्यावर घेऊन १०० बैठका मारण्यास सांगण्यात आले होते. त्यानंतर १३ खेळाडू रॅब्डोमायोलिसिसने रुग्णालयात दाखल झाले. यात स्नायूंच्या पेशी फुटून त्यांतील द्रव्ये रक्तात मिसळतात आणि मूत्रपिंडे धोक्यात येतात. मे २०१८ मध्ये मेरीलँड विद्यापीठाच्या धावण्याच्या सत्रात जॉर्डन मॅकनेअर या १९ वर्षांच्या खेळाडूला उष्माघात झाला, त्याला थंड पाण्यात वेळीच बुडवले गेले नाही, आणि दोन आठवड्यांनी त्याचे निधन झाले. या आजारात आधी शरीर थंड करायचे आणि मग रुग्णालयात न्यायचे, हा क्रम प्रत्येक प्रशिक्षकाला झोपेतही आठवला पाहिजे. सीएससीसीए आणि एनएससीए यांच्या २०१९ च्या संयुक्त मार्गदर्शनानुसार सुट्टीवरून परतलेल्या किंवा नव्या खेळाडूंसाठी कंडिशनिंगचे प्रमाण पहिल्या आठवड्यात कमाल प्रमाणापेक्षा किमान ५० टक्के आणि दुसऱ्या आठवड्यात किमान ३० टक्के कमी असावे. व्यायाम शिक्षा म्हणून कधीही देऊ नये. कठोरपणाचे कौतुक करणाऱ्या वातावरणात हे नियम पाळायला धैर्य लागते, आणि ते धैर्य ज्याच्याकडे नाही त्याने हे काम स्वीकारू नये, असे मला ठामपणे वाटते.

महाराष्ट्रातून किंवा गोव्यातून एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर जाणाऱ्या विद्यार्थ्यांनी आणखी एक काळजी घ्यावी. विद्यापीठाबाहेरची अभ्यासक्रमाचा भाग असलेली इंटर्नशिप सीपीटीची (शिक्षण चालू असताना काम करण्याची) परवानगी मिळाल्यावरच सुरू करावी, आणि पदवीनंतरच्या ओपीटीचे (कामाच्या परवानगीचे) बारा महिने मोजके असल्याने नोकरीचा शोध शेवटच्या सत्राआधीच सुरू करावा.

नोकरी मिळाली तरी स्थैर्य गृहीत धरू नये. मुख्य फुटबॉल प्रशिक्षक बदलला की नवा प्रशिक्षक अनेकदा स्वतःचा स्ट्रेंथ कोच सोबत आणतो. पगारातही मोठी तफावत असते, त्यामुळे मोठ्या नावापेक्षा छोट्या विद्यापीठातील पूर्णवेळ जागा सुरुवातीला अधिक शिकवून जाते. मुलाखतीत तीन गोष्टी अवश्य विचाराव्यात: मी मुख्य प्रशिक्षकाला उत्तरदायी असेन की क्रीडा विभागातील दुसऱ्या कोणाला, सत्र थांबवण्याचा अंतिम अधिकार वैद्यकीय कर्मचाऱ्यांकडे आहे का, आणि आपत्कालीन कृतीची योजना लेखी असून तिचा सराव शेवटचा कधी झाला. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर देताना समोरचा अडखळला, तर दुसरी जागा शोधावी.