आडव्या अक्कलदाढेपेक्षा तिच्या पुढची दाढ सांभाळा

अक्कलदाढ तिरकी अडकली असेल आणि दुखत नसेल, तर बहुतेक जण तिला विसरून जातात. पण कीड अनेकदा तिला नाही, तिच्या पुढच्या चांगल्या दाढेला लागते, तीही मागच्या बाजूने, हिरडीलगत. तिथे इनॅमल, म्हणजे दाताचं वरचं कठीण आवरण, पातळ असतं. अन्न अडकतं आणि आरशात काहीच दिसत नाही. ठणका लागेपर्यंत कीड कधीकधी नसेपर्यंत पोचलेली असते.

धोका जास्त कुठे? खालच्या जबड्यात, पुढे झुकलेल्या आणि अर्धवट बाहेर आलेल्या अक्कलदाढेपाशी. हाडात पूर्ण गाडलेली त्या मानाने कमी त्रास देते.

घासताना तोंड मोठं उघडू नका, अर्धं मिटा. गाल सैल पडतो आणि ब्रश मागे पोचतो. लहान डोक्याचा किंवा एकाच झुबक्याचा ब्रश घ्या, पेस्ट फ्लोराइडची. तरी दोन दाढांमधली फट पूर्ण साफ होत नाही, हे खरंच. म्हणून डेंटिस्टला थेट विचारा, ‘पुढच्या दाढेची मागची बाजू एक्स-रेत कशी दिसतेय?’ कीड दिसली तर अक्कलदाढ काढल्याशिवाय तिथे नीट फिलिंग करणं बहुधा अवघड जातं.