पोरीची फी, अर्धं सोनं वाचलं

लेकीचा सरकारी कोट्यातून खासगी कॉलेजात एमबीबीएसला नंबर लागला आणि सीताबर्डीच्या एका एजंटानं आधी कर्जाचाच फॉर्म पुढं केला. बायकोनं दागिने काढून ठेवलेच होते.

पण ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयानुसार ओबीसी, ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल), एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिक मागास) मुलींना शिक्षण व परीक्षा शुल्क पूर्ण माफ. अट : कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत, प्रवेश कॅप (केंद्रीभूत प्रवेश प्रक्रिया) फेरीतून. मॅनेजमेंट कोट्याला नाही.

कॉलेजनं तरी पूर्ण फी मागितली. निर्णयाची प्रत टेबलावर ठेवली, मग सूर बदलला! खरी दमछाक उत्पन्नाच्या दाखल्यानं केली, तहसीलला चार चकरा. आता महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर दरवर्षी अर्जाचं नूतनीकरण. हॉस्टेल-मेसपुरते दोन तोळे मोडले, बाकी डब्यातच आहेत.