सायक्लिक एएमपी शिकायचं तर आधी ते थांबवायला शिका

दर रविवारी सकाळी डिचोलीतल्या माझ्या घरच्या सोप्यावर बारावीची आणि बीएस्सीची सात-आठ मुलं बसतात. सायक्लिक एएमपी म्हणजे बाहेरून आलेल्या हार्मोनचा निरोप पेशीच्या आत पोचवणारा लहानसा रेणू. हा धडा मी त्यांना फळ्यावर शिकवत नाही, त्याला कारण आहे. माझ्या तोंडी परीक्षेत रिसेप्टर, जी-प्रोटीन, ॲडेनिलिल सायक्लेज, सायक्लिक एएमपी, प्रोटीन कायनेज ए अशी सगळी माळ मी घडाघड म्हटली होती. परीक्षकांनी एवढंच विचारलं, "आणि हे थांबतं कसं?" मला एक शब्द सुचला नाही. बाण पाठ केले की बाण पुढेच जातात, मागे यायची वाट कुणी काढत नाही.

म्हणून जमिनीवर मांडायचं. सुतळी, एक करवंटी, चार काजूच्या बिया, मूठभर चिंचोके, थोडे मणी, दोरा आणि खडू घ्या. सुतळी आडवी टाका, ती पेशीचं आवरण. तिच्यावर करवंटी उपडी ठेवा, ती रिसेप्टर, म्हणजे हार्मोन पकडणारं प्रथिन. सुतळीच्या अलीकडे पेशीच्या आत तीन काजूबिया एकमेकींना लावून ठेवा, हे जी-प्रोटीनचे तीन भाग: अल्फा, बीटा, गॅमा. एका चिंचोक्यावर खडूचे दोन ठिपके काढून तो अल्फापाशी ठेवा. तो जीडीपी, दोन फॉस्फेटांचा एक लहान रेणू. हा चिंचोका जवळ आहे तोवर अल्फा झोपलेली.

आता संकष्टीचा दिवस धरा. चंद्रोदयाला वेळ आहे, पोट रिकामं आहे. रक्तातली साखर खाली येऊ लागली की स्वादुपिंडातून ग्लुकॅगॉन हे हार्मोन सुटतं आणि यकृताच्या पेशीवरच्या करवंटीला येऊन चिकटतं. ते आत जात नाही. इथे थांबून मुलांना विचारा, निरोप्या दाराबाहेरच राहिला तर निरोप आत कसा गेला? करवंटी जराशी वळवा. दोन ठिपक्यांचा चिंचोका सुटतो, तीन ठिपक्यांचा बसतो, म्हणजे तीन फॉस्फेटांचा जीटीपी. अल्फा बाकीच्या दोघींपासून वेगळी होऊन चौथ्या काजूबीला, म्हणजे एटीपीपासून सायक्लिक एएमपी बनवणाऱ्या ॲडेनिलिल सायक्लेज या एन्झाइमला, जाऊन भिडते.

पुढची कृती घाई न करता करा, सगळ्या धड्याचं मर्म तिच्यात आहे. दोऱ्यात तीन मणी ओवा. हे एटीपीचे, म्हणजे पेशीला ऊर्जा देणाऱ्या रेणूचे, तीन फॉस्फेट. टोकाचे दोन मणी कात्रीने तोडून टाका. उरलेला एक मणी एटीपीतल्याच ज्या साखरेला एका बाजूने जोडलेला आहे, तिलाच दुसऱ्या बाजूनेही वळवून बांधा. कडं तयार झालं. 'सायक्लिक' म्हणजे हे कडं. स्वतःच्या बोटांनी गाठ मारलेली असली की तीन आणि पाच क्रमांकाचे कार्बन पुन्हा पाठ करावे लागत नाहीत.

हे कडं सापडलं ते अर्ल सदरलँड आणि थिओडोर रॉल यांना, 1950च्या दशकात. त्यांनी यकृत कुटून त्यातले आवरणाचे तुकडे बाजूला काढले, तर हार्मोनचा परिणामच होईना. मग नुसत्या तुकड्यांत हार्मोन घालून ते उकळून पाहिलं, तर उकळूनही न बिघडणारा एक लहानसा पदार्थ तयार झालेला. तो उरलेल्या द्रवात घातला आणि काम पुन्हा सुरू झालं. सदरलँडना 1971 साली नोबेल मिळालं.

प्रोटीन कायनेज ए झटपट उरकलं तरी चालेल. दोन कामकरी भाग, दोन दाबून धरणारे. चार कडी येऊन बसली की कामकरी सुटतात आणि पुढच्या प्रथिनांना फॉस्फेट लावत जातात. ग्लायकोजेन, म्हणजे यकृतात साठवलेली साखर, फुटू लागतं, नवं बनणं थांबतं, साखर रक्तात येते.

आता मागे फिरा. अल्फाकडे स्वतःचीच कात्री असते, ती जीटीपीचा तिसरा ठिपका कापते. चिंचोक्यावरचा ठिपका बोटाने पुसा आणि अल्फा तिच्या जागी परत न्या. फॉस्फोडायएस्टरेज हे एन्झाइम कड्याची गाठ सोडतं. कायनेजने लावलेले फॉस्फेट फॉस्फेटेज हे एन्झाइम काढून टाकतं. या तिन्ही गोष्टी प्रत्येक मुलाकडून हाताने करून घ्या.

ही कात्री बोथट झाली तर काय होतं, हे कॉलरा दाखवतो. कॉलऱ्याचं विष आतड्याच्या पेशीत शिरून अल्फावर एक तुकडा चिकटवतं, त्यामुळे तिला जीटीपी कापताच येत नाही. कडी बनतच राहतात, क्लोराईडची दारं उघडी राहतात आणि त्यामागून सोडियम, पाणी वाहत जातं. हे विष आतड्यावर काम करतं, हे शंभूनाथ डे यांनी कोलकात्यात सशांच्या आतड्यावर 1959 साली दाखवलं. आणि सोडियम व ग्लुकोज हातात हात घालून आत नेणारं दार या विषाने बंद होत नाही, म्हणून मीठ-साखरेच्या पाण्याने माणूस वाचतो. 1971 साली पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत डॉक्टर दिलीप महालनबीस यांनी हे पाणी देऊन असंख्य जीव वाचवले. हे सांगताना माझा आवाज दरवर्षी जड होतो.

शेवटी नाकाकडे या, नाहीतर 'सायक्लिक एएमपी म्हणजे कायनेज' असं मुलांच्या डोक्यात पक्कं बसतं. एप्रिलमध्ये काजूच्या भट्टीजवळून गेल्यावर बोंडूंचा तो आंबूस-गोड वास येतो. वास घेणाऱ्या पेशीतही हेच कडं बनतं, पण तिथे ते मध्ये कायनेज न घेता थेट आयनांच्या दाराला जाऊन बसतं. त्या दारातून आत आलेलं कॅल्शियमच मग दाराची कड्यावरची पकड सैल करतं, आणि दार मिटू लागतं. भट्टीपाशी थोडा वेळ उभं राहिलं की वास जाणवेनासा होतो, त्यात याचा वाटा आहे. मुलांना भट्टीकडे न्या, वास गेला की हात वर करायला सांगा, आणि कुठली गाठ सुटली ते तिथेच विचारा.