रंध्याला कुठे ग्रीस, कुठे ऑइल आणि कुठे काहीच नको

रंधा मशीन बंद आहे, प्लग काढलाय, भुसा झटकलाय आणि जुनं किटण रॉकेलने पुसलंय, असं धरून चालतो.

आधी कटर ब्लॉकचं, म्हणजे पाती बसवलेल्या फिरत्या रुळाचं बेअरिंग. मशीन मरते ती इथेच. ब्लॉक मिनिटाला ४-५ हजार फेरे घेतो, तिथे हाताला लागेल ते भरून चालत नाही. हे मला उशिरा कळलं.

एका मे महिन्यात माझं ग्रीस संपलं. शेजाऱ्याने ट्रॅक्टरच्या चेसिसचा डबा आणून दिला. "ग्रीस म्हणजे ग्रीस, भाऊ. ट्रॅक्टरले चालते तं तुमच्या रंध्याले काहून नाही चालत?" मलाही पटलं. तिसऱ्या दिवशी दुपारी सागाच्या चौकटीची लाकडं रंधताना ब्लॉकच्या टोकातून तेलासारखं पातळ गळू लागलं. मी फडक्याने पुसलं आणि काम चालू ठेवलं. ही दुसरी चूक. संध्याकाळी शिट्टीसारखा आवाज आला आणि ब्लॉक जागीच अडकला. बेअरिंग काढलं तर गोळ्या निळ्या पडलेल्या. वर दोन लाकडांवर असे डाग, की तिथे पॉलिश धरेचना.

चेसिसचं साधं ग्रीस कॅल्शियमचं असतं. पाण्याला पक्कं, म्हणून चिखलातल्या ट्रॅक्टरला उत्तम. पण ६० अंशांपुढे त्याचा भरवसा नाही आणि १०० च्या आसपास ते वितळून वाहतं. चालतं बेअरिंग शेडच्या हवेपेक्षा ३० अंशांनी सहज जास्त तापतं. दिवाळीत शेडमध्ये ३० असेल तर ६०, भागून जातं. ब्रह्मपुरीकडे मे महिन्यात सावलीतच ४५, टिनाखाली त्याहून जास्त, म्हणजे बेअरिंग ७५ च्या पुढे. म्हणून "हिवाळ्यात तं काही झालं नाही" हे मी ऐकून घेत नाही.

घ्यायचं ते लिथियमचं. ते साधारण १८० अंशांपर्यंत वितळत नाही. डब्यावर एनएलजीआय नंबर पाहा: २ म्हणजे मऊ, ३ म्हणजे घट्ट. मी २ घेतो, ग्रीस गनमधून नीट जातं. दुकानात ३ च असेल तर अडून बसू नका. रंग मात्र बघूच नका. पिवळा, लाल, हिरवा हा नुसता रंग असतो, त्यावरून जात कळत नाही.

नवं भरण्याआधी जुनं पूर्ण धुऊन काढा. दोन जातींची ग्रीसं एकत्र आली की अनेकदा पातळ होऊन गळतात. बेअरिंगमधल्या मोकळ्या जागेच्या तिसऱ्या हिश्श्यापासून फार तर निम्म्यापर्यंत भरा. बाहेर येईपर्यंत गन दाबणारे कारागीर मी पाहिलेत. ठासून भरलेलं ग्रीस आतल्या आत घुसळत राहतं आणि बेअरिंग तापतं ते त्यानेच. अर्धा तास चालवा, मशीन थांबवा आणि बेअरिंगच्या घरावर तळहात ठेवा. पाच आकडे मोजेपर्यंत टिकला तर ठीक. चटका बसला तर उघडून कमी करा. बेअरिंगवर झेडझेड किंवा टूआरएस लिहिलं असेल तर ते दोन्ही बाजूंनी बंद असतं. त्यात काही भरायचं नाही, वाजलं की बदलायचं.

लाकूड आत ओढणाऱ्या फीडच्या गिअरबॉक्सला ९० नंबर गिअर ऑइल. आत गनमेटलचं (तांब्याच्या मिश्रधातूचं) चाक असेल तर डब्यावर जीएल-४ बघा. जीएल-५ मधलं गंधक ते चाक खाऊ शकतं. गाडीतून काढलेलं जळकं ऑइल इथे ओतणाऱ्यांशी मी वाद घालत नाही, बोटावर घेऊन चोळून दाखवतो. त्यातली काजळी अन् लोखंडाची भुकटी हाताला लागते.

लाकूड ज्यावरून सरकतं तो बेड वरखाली करणारा स्क्रू आणि चेन कोरडीच ठेवा, ग्राफाइट पावडर पुरे. सागाच्या भुकटीत सिलिका असते. ग्रीसमध्ये ती मिसळली की घासायचा मसालाच तयार होतो.

बेडवर मेणबत्ती घासा आणि फडक्याने चोळा. सिलिकॉन स्प्रे नको, पॉलिशला डोळे, म्हणजे बारीक गोल खड्डे पडतात.

व्ही-बेल्टला आणि बँडसॉच्या चाकावरच्या रबराला काहीही लावायचं नाही.

डब्याचं झाकण मात्र लगेच लावा. भुसा पडलेलं ग्रीस माझ्याकडे फाटकाच्या बिजागरीला जातं.